आधी तूप की आधी पाणी?

गहू तोच. त्याची पोळी केली तर ती घडी घालून डब्यात भरता येते. ओढली तर आधी ताणली जाते आणि मगच तुटते. त्याच गव्हाच्या मैद्याचा शंकरपाळा केला तर दाताखाली त्याचा भुगा होतो. आणि त्याच मैद्याचा चिरोटा केला तर भुगा होत नाही, पापुद्रे सुटतात. तिन्ही पदार्थांत पीठ, पाणी आणि तूप किंवा तेल याखेरीज सांगण्यासारखं फारसं काही नाही. मग एक चिवट, दुसरा खुसखुशीत आणि तिसरा पदरापदराचा का होतो?

या कोड्याची उत्तरं एकाच ताटलीत शेजारी शेजारी पाहायची असतील, तर वर चुरा पेरलेला अ‍ॅपल पाय घरी करून पाहावा. त्याची खालची पारी चिरोट्याच्या घरची, वरचा चुरा शंकरपाळ्याच्या घरचा आणि मध्ये सफरचंदं. पदार्थ परदेशी खरा. वर चुरा पेरण्याची रीत जर्मन भाषिक प्रदेशातून जगभर गेली. पण माझं म्हणणं असं, की या पायसाठी लागणारी समज जयपूरच्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. जिथे दाल-बाटीबरोबर चुरमा होतो, कचोरी खस्ता झाली की नाही यावर घरातली चारही माणसं मत देतात आणि घेवरासाठी तुपात बर्फ फेटला जातो, तिथे या पायमधली एकही पायरी नवी नाही. नवी आहे ती फक्त ओव्हनची ताटली.

पीठ चिवट कशामुळे होतं?

मैद्यात साधारण दहा टक्के प्रथिनं असतात. त्यांतली दोन, ग्लुटेनिन आणि ग्लायडिन, कोरड्या पिठात नुसती पडून असतात. पाणी मिळालं की ती फुगतात, एकमेकांना धरतात आणि त्यांचं लवचीक जाळं तयार होतं. त्याला ग्लुटेन म्हणतात. कणीक जितकी तिंबावी तितकं हे जाळं घट्ट आणि सलग होतं. पोळीला ते हवंच असतं. त्याच्याशिवाय पोळी लाटता येणार नाही आणि फुगणारही नाही.

खुसखुशीत पदार्थाला हे जाळं नको असतं, निदान सलग तरी नको असतं. ते मोडण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे पाण्याच्या आधी पिठाला तूप लावणं. पिठाच्या कणावर तुपाचा थर बसला की पाण्याला आतल्या प्रथिनांपर्यंत पोचता येत नाही. जाळं तुकड्यातुकड्यांत बनतं आणि चावताना त्या तुकड्यांच्या मधल्या जागी पदार्थ तुटतो. आपण शंकरपाळ्यांना आणि करंजीला मोहन घालतो ते याचसाठी. जयपुरात त्यालाच मोयन म्हणतात आणि त्याबाबतीत इथल्या बायका आपल्यापेक्षाही काटेकोर असतात.

आता क्रम उलटा करून पाहा. आधी पाणी घालून पीठ भिजवलं, मळलं आणि मग त्यात तूप घातलं, तर जाळं आधीच बनून गेलेलं असतं. तूप फक्त त्याला मऊ करतं, मोडत नाही. पोळीच्या कणकेला शेवटी तेलाचा हात लावतात तेव्हा नेमकं हेच होतं. साहित्य तेच, प्रमाण तेच, पण कोण आधी पिठापाशी पोचलं यावर पदार्थाची जात ठरते.

मुटका वळला पाहिजे

चुरमा करताना पाहणं हा पायच्या चुऱ्याचा उत्तम धडा आहे. परातीत जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ घेतात, त्यात तूप घालतात आणि दोन्ही तळव्यांमध्ये पीठ चोळत राहतात. घाई अजिबात नाही. पिठाचा रंग किंचित गडद होतो, पांढरी कोरडी धूळ दिसेनाशी होते, हाताला ओलसर वाळू लागल्यासारखं वाटतं. मग मूठभर पीठ घेऊन दाबायचं. मुटका वळला पाहिजे आणि अंगठ्याने हलकेच दाबल्यावर तो दोन-तीन ढेकळांत फुटला पाहिजे. वळलाच नाही तर तूप कमी. फुटायच्या ऐवजी नुसताच दबला आणि तळव्याला तूप लागलं तर तूप जास्त. या परीक्षेनंतरच पाणी, तेही घट्ट गोळा होईल इतकंच. मग त्या गोळ्यांच्या बाट्या भाजतात किंवा मुटके तळतात, कुटतात, चाळतात आणि पुन्हा तूप नि बूरा, म्हणजे बारीक देशी साखर, घालून कालवतात.

पायवरच्या चुऱ्याची परीक्षा हीच. मैदा, साखर आणि लोणी बोटांनी चोळायचं आणि मुटका वळला की थांबायचं. पुढे वेगळं पाणी घालायचंच नाही. इथे बटर आणि तूप यांच्यातला फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. बटरमध्ये सुमारे 80 टक्के स्निग्धांश असतो आणि जवळपास 16 टक्के पाणी. उरलेल्यात मीठ आणि दुधाचा थोडा अंश. तुपात पाणी जवळजवळ नसतंच. म्हणून 100 ग्रॅम बटरच्या जागी 80 ग्रॅम तूप पुरतं. बटरमधलं थोडंसं पाणी पिठाच्या कणांना इथे तिथे जोडतं, त्यामुळे बटरचा चुरा जरा मोठ्या, टणक ढेकळांचा होतो. तुपाचा चुरा बारीक आणि जास्त विरघळणारा होतो. बटरमधलं दुधाचं प्रथिन आणि दुधातली साखर ओव्हनच्या उष्णतेत एकमेकांशी संयोग पावतात आणि खमंग तपकिरी रंग येतो. तुपाचा चुरा त्यामानाने फिका राहतो. मला अर्धं बटर आणि अर्धं तूप आवडतं: बटरचा रंग येतो आणि तुपाचा वासही राहतो.

चुऱ्यातली साखर नुसती गोडीसाठी नसते. ती स्वतः पाणी धरून ठेवते, म्हणजे प्रथिनांच्या वाट्याला आणखी कमी पाणी येतं. भट्टीत ती वितळते आणि पाय गार होताना पुन्हा घट्ट होते. चुरा खाताना येणारी कुरकुर बरीचशी या गोठलेल्या साखरेची असते. म्हणूनच चुरा गरम असताना मऊ लागला तर घाबरायचं कारण नाही. साखरेऐवजी गुळाची पावडर घातली तर चव सुंदर येते, पण गूळ हवेतलं पाणी लवकर ओढतो आणि लवकर करपतोही. थंडीतल्या कोरड्या हवेत गूळ घालावा, श्रावणात साखर.

पदर कधी सुटतात?

चुऱ्यात स्निग्ध पदार्थ पिठाच्या प्रत्येक कणावर सारखा पसरलेला हवा असतो. पापुद्र्यांसाठी याच्या उलट हवं. तिथे लोणी पिठात मिसळायचं नाही, तुकड्यांच्या रूपात अडकवून ठेवायचं.

गार, घट्ट बटरचे हरभऱ्याएवढे तुकडे मैद्यात टाकून बोटांच्या टोकांनी चपटे केले, त्यावर चमचा-चमचा बर्फाचं पाणी शिंपडून गोळा जेमतेम एकत्र आणला आणि लाटला, की आत बटरच्या पातळ चकत्या आणि पिठाचे थर एकाआड एक बसतात. ओव्हनमध्ये बटर वितळतं आणि त्याच्या जागी फट उरते. पिठातलं आणि बटरमधलं पाणी उकळून त्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशेपटींहून जास्त जागा लागते. ती त्या फटीत शिरून वरचा थर उचलून धरते. तोवर आजूबाजूचं पीठ शिजून घट्ट होतं आणि फट तशीच राहते. तोच आपला पापुद्रा. चिरोट्याला साटा लावून आपण हेच करतो: पोळ्यांच्या मध्ये तूप नि कॉर्नफ्लॉवरचा थर देतो, म्हणजे पोळ्या एकमेकींना चिकटत नाहीत.

या सगळ्याला एकच अट आहे. पारी भट्टीत जाईपर्यंत बटर घट्ट राहिलं पाहिजे. बटर 20 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं आणि 32 ते 35 अंशांना वितळतं. जयपुरात मे महिन्यातल्या दुपारी पारा चाळिशी गाठतो आणि पंख्याखालचं स्वयंपाकघरही बटरच्या वितळणबिंदूच्या वर असतं. म्हणजे इथे ओटा हाच मंद ओव्हन. वितळलेलं बटर पिठात मुरतं, प्रत्येक कणावर पसरतं आणि पदर सुटायच्या ऐवजी पारी शंकरपाळ्यासारखी होते. चव बिघडत नाही, पण जात बदलते.

या अडचणीचा उपाय जयपूरच्या हलवायांना केव्हाचा ठाऊक आहे. तीजेच्या सुमाराला जोहरी बाजारात घेवरांच्या चळती लागतात. त्या घेवराचं पीठ करताना तूप बर्फाच्या खड्यांबरोबर फेटतात. तूप गोठून पांढरंशुभ्र, लोण्यासारखं होतं. मग त्यात मैदा नि थंडगार पाणी किंवा दूध घालून पातळ सरसरीत मिश्रण करतात आणि ते गारच ठेवतात. त्याची बारीक धार उंचावरून कडकडीत तुपात सोडली की पाण्याची क्षणात वाफ होते आणि वाफ निसटून गेलेल्या जागी जाळी पडते. पारी आणि घेवर दिसायला एकमेकांपासून लांब, पण दोन्हींची गुरुकिल्ली तीच: स्निग्ध पदार्थ गार ठेवा आणि अखेरच्या क्षणी एकदम उष्णता द्या.

तेव्हा मे महिन्यात पारी करायची असेल तर पहाटे करावी. मैदा, परात, लाटणं सगळं अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावं. तळव्याऐवजी बोटांच्या टोकांनी किंवा काट्याने काम करावं, कारण तळहात बोटांच्या टोकांपेक्षा गरम असतो. लाटलेली पारी ताटलीत बसवून पुन्हा अर्धा तास गार करावी. या वेळात ताणलेलं ग्लुटेनही सैल पडतं आणि पारी भाजताना आकसून खाली घसरत नाही. जानेवारीत यांतलं काहीच करावं लागत नाही. रात्री पारा आठ-नऊ अंशांवर आलेला असतो आणि सकाळचा ओटा हाताला गार लागतो.

ऐन उन्हाळ्यात, आणि फ्रीज लहान असेल तर, पदरांचा हट्ट धरूच नये असं माझं मत आहे. पातळ तुपाचं मोहन घालून पारी सरळ करंजीसारखी करावी आणि लाटण्याऐवजी ताटलीत बोटांनी थापावी. अशी पारी रस कमी पिते आणि बिघडायची शक्यताही कमी.

मुहाना मंडीतली सफरचंदं

जयपूरच्या दक्षिणेला, सांगानेरच्या बाजूला, मुहाना मंडी आहे. शहराची बरीचशी फळं तिथून येतात. जुलैपासून हिमाचलची सफरचंदं दिसू लागतात, ऑगस्टनंतर काश्मीरची. त्यांतलं सर्वांत ओळखीचं फळ म्हणजे गडद लाल, तळाशी पाच उंचवटे असलेलं रेड डिलिशस आणि त्याचे भाऊबंद. हिमाचलात ते आणलं सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकी गृहस्थांनी. फिलाडेल्फियाहून 1904 मध्ये ते सबाथूच्या कुष्ठाश्रमात काम करायला आले, शिमल्याच्या वरच्या कोटगढ भागात स्थायिक झाले आणि 1916 च्या सुमाराला त्यांनी तिथे रेड डिलिशसची लागवड सुरू केली. पुढे त्यांनी हिंदू धर्म स्वीकारला आणि सत्यानंद हे नाव घेतलं. स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगवासही भोगला. आज राजस्थानातल्या कुठल्याही फळगाड्यावर दिसणारा लाल ढीग त्यांच्या त्या कामाशी जोडलेला आहे.

पण रेड डिलिशस हे कापून खायचं फळ. त्यात आम्ल कमी आणि शिजवलं की ते पटकन गाळ होतं. पायमध्ये फोड दिसली पाहिजे, चमच्याला लागली पाहिजे. यासाठी सोनेरी-हिरवं गोल्डन डिलिशस जास्त चांगलं. हिमाचलच्या बागांत ते लाल जातीच्या परागीभवनासाठी लावलेलंच असतं, कारण रेड डिलिशसला स्वतःच्या परागांनी नीट फळ धरत नाही. बाजारात ते दिसलं तर निम्मं ते घ्यावं. ऑक्टोबरात किन्नौरचा माल आला तर उत्तमच, ती फळं कडक असतात.

फोड गाळ का होते हे समजलं तर लाल सफरचंदाचाही चांगला पाय करता येतो. सफरचंदाच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिन नावाच्या पदार्थामुळे. जुन्या जयपूरच्या भिंतीत दगडांच्या मध्ये जसा चुना असतो, तसं पेशींच्या मध्ये पेक्टिन. उष्णता 85 अंशांच्या वर गेली की हा चुना विरघळू लागतो, पेशी सुट्या होतात आणि भिंत बसते.

हा चुना पक्का करता येतो. सफरचंदात स्वतःचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. साठ ते सत्तर अंशांच्या दरम्यान ते जोमाने काम करतं आणि पेक्टिनमध्ये असा बदल घडवतं की फळातलंच कॅल्शियम त्याला घट्ट बांधू शकतं. एकदा बांधलेलं पेक्टिन मग जास्त उष्णतेतही लवकर सुटत नाही. त्यापुढे तापमान गेलं की विकर स्वतः नष्ट होतं. म्हणून फोडी थोडा वेळ या मधल्या तापमानात ठेवायच्या. घरी याची युक्ती सोपी आहे: किलोभर फोडींवर दीड लिटर उकळतं पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं, दहा मिनिटांनी निथळून घ्यायचं. गार फोडी आणि उकळतं पाणी मिळून तापमान साधारण सत्तरीच्या आसपास येतं. शेजारच्या आग्र्याला पेठा करताना कोहळ्याचे तुकडे चुन्याच्या निवळीत भिजत घालतात, त्यामागेही कॅल्शियम आणि पेक्टिन यांचंच लग्न आहे. म्हणून तो तासन्‌तास पाकात शिजूनही चौकोनी राहतो.

लिंबाचं काम दुहेरी. लाल सफरचंदात नसलेला आंबटपणा ते आणतं, आणि आम्लामुळे पेक्टिन सुटण्याचा वेगही कमी होतो. कापलेल्या फोडी काळ्या पडत नाहीत हा तिसरा फायदा, पण दालचिनी घातल्यावर तसंही कुणाला रंग दिसत नाही.

रस आवळायचा कसा?

सफरचंदात पाच भागांतले चार भाग पाणी असतं आणि वर थोडं. साखर लावली की ते बाहेर येऊ लागतं. ते तसंच राहिलं तर पारी भिजते. म्हणून फोडींना साखर नि लिंबू लावून अर्धा तास ठेवावं, सुटलेला रस निथळून कढईत निम्मा आटवावा आणि परत फोडींवर घालावा. रस फेकून देऊ नये. सगळी चव त्यात असते.

उरलेल्या रसासाठी कॉर्नफ्लॉवर. पिष्टाचे कण गार पाण्यात नुसते तरंगतात. सत्तरीच्या आसपास ते पाणी पिऊन फुगायला लागतात, पण रस खरा आवळतो तो उकळीच्या जवळ. साखर जास्त असेल तर फुगायला आणखी उशीर लागतो. म्हणजे चुऱ्याचा रंग पाहून पाय बाहेर काढणं चुकीचं. कडेला पाहावं. सुरुवातीला तिथे येणारे बुडबुडे लहान, भराभर फुटणारे, पाणचट असतात. पिष्ट फुगलं की ते संथ होतात, मोठे होतात, फुटायच्या आधी क्षणभर तकतकीत घुमटासारखे उभे राहतात आणि फुटलेल्या जागी रसाचं वर्तुळ जरा वेळ तसंच दिसतं. असे बुडबुडे कडेलाच नव्हे तर मध्यभागीही, चुऱ्याच्या फटीतून, दिसू लागले की पाय झाला.

चौकट: एका नऊ इंची ताटलीसाठी

पारी: मैदा 160 ग्रॅम, गार बटर 100 ग्रॅम, बर्फाचं पाणी 3 ते 4 मोठे चमचे. खारं बटर असेल तर वेगळं मीठ नको. जयपूरच्या कोरड्या हवेत मैदाही कोरडा असतो, तेव्हा एखादा चमचा पाणी जास्त लागू शकतं.

सारण: सफरचंदं 1 किलो, साखर 100 ग्रॅम, कॉर्नफ्लॉवर 2 मोठे चमचे, एका मोठ्या लिंबाचा रस, दालचिनी पूड 1 लहान चमचा, चिमूटभर जायफळ.

चुरा: मैदा 120 ग्रॅम, साखर 80 ग्रॅम, बटर 80 ग्रॅम. नुसतं तूप वापरायचं असेल तर 65 ग्रॅम.

भाजणं: 200 अंशांवर 20 मिनिटं, मग 180 अंशांवर 35 ते 45 मिनिटं. चुरा लवकर तांबूस झाला तर वर सैलसर फॉइल.

झाकणापेक्षा चुरा का बरा?

पायवर पारीचंच झाकण घालण्याची पद्धत जास्त प्रसिद्ध आहे. चित्रांत तोच पाय दिसतो. पण त्यात एक अडचण असते. कापल्यावर वरचं झाकण उंच आणि सफरचंदं खाली बसलेली, मध्ये पोकळी. याचं कारण सफरचंदाच्या पोटात आहे. त्याच्या आकारमानाचा जवळजवळ चौथा हिस्सा हवा असते. सफरचंद पाण्यात तरंगतं ते याच हवेमुळे. शिजताना ही हवा निघून जाते, पाणीही सुटतं आणि फोडींचा ढीग खाली बसतो. झाकण मात्र त्याआधीच भाजून कडक झालेलं असतं आणि ते जिथल्या तिथे राहतं.

चुऱ्याला हा प्रश्नच नाही. तो सुटा असल्यामुळे फोडींबरोबर खाली बसतो आणि शेवटपर्यंत त्यांना टेकून राहतो. शिवाय ढेकळांच्या मधून वाफ निघून जाते, त्यामुळे वेगळी छिद्रं पाडावी लागत नाहीत. चुऱ्याचा खालचा थर रस पिऊन मऊ होतो, वरचा कोरड्या उष्ण हवेत कुरकुरीत होतो. एका घासात दोन्ही येतात आणि मला तर पायमधली हीच जागा सर्वांत आवडते. मात्र त्यासाठी ढेकळं लहानमोठी हवीत. मुटके वळून मग ते हाताने मोडावेत, काही शेंगदाण्याएवढे, काही रव्यासारखे. सगळा चुरा बारीक असेल तर तो घट्ट बसतो, वाफ अडते आणि वर कडक पापडी धरते. पेरण्याआधी चुरा वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला तर ढेकळं वितळून एकमेकांत मिसळत नाहीत.

खालची पारी कच्ची राहू नये म्हणून

घरच्या पायची सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे तळाची पारी भिजट. वर चुरा तांबूस, कडा कुरकुरीत आणि तळ पांढरा. कारण सरळ आहे. पारीवर ओलं सारण असेपर्यंत तिचं तापमान 100 अंशांच्या वर जाणं कठीण, आणि तांबूस रंग यायला 140 अंशांच्या वर जावं लागतं. तेव्हा तळाला खालून इतकी उष्णता द्यायला हवी की पीठ रस प्यायच्या आधीच शिजून घट्ट होईल.

ओटीजीत पाय खालच्या खाचेत ठेवावा. एक पत्र्याचा ट्रे ओव्हनबरोबरच तापवावा आणि ताटली त्या तापल्या ट्रेवर ठेवावी. ताटली पातळ धातूची बरी. काच आणि चिनीमाती दिसायला छान, पण तापायला वेळ लावतात. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे पारी आधी एकटीच भाजणं: तिच्यावर बेकिंग पेपर आणि त्यावर राजमा किंवा हरभऱ्याचं वजन ठेवून 15 मिनिटं, मग वजन काढून आणखी पाच.

सारण ओलं नेऊ नये हा धडा तर जयपुरात कचोरीकडूनच घ्यावा. स्टेशन रोडवरच्या रावत मिष्ठान्न भांडाराची प्याज कचोरी प्रसिद्ध आहे. कांद्यासारख्या पाणीदार वस्तूचं सारण घालूनही अशी कचोरी खस्ता राहते, कारण कांदा मसाल्याबरोबर परतून आधीच कोरडा केलेला असतो, पिठात मोयन भरपूर असतं आणि ती मंद आचेवर बराच वेळ तळली जाते, म्हणजे पारीतलं पाणी निघून जायला सवड मिळते. रस आटवणं, पारी आधी भाजणं आणि पाय तासभर भट्टीत ठेवणं ही त्याचीच ओव्हनमधली रूपं.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही ते जाड बुडाच्या कढईत मीठ तापवून त्यावर केक भाजतात. पायची पारी तिथे छान होते, कारण उष्णता खालूनच येते. वरून मात्र आच नसते आणि झाकणाखाली वाफ कोंडते, त्यामुळे चुरा पांढरा नि ओला राहतो. इथे चुरम्याची रीत कामाला येते. चुरा वेगळ्या कढईत मंद आचेवर, सतत हलवत, खमंग वास सुटेपर्यंत भाजावा आणि पाय उतरवल्यावर वरून पेरावा. ढेकळं थोडी बारीक होतात, पण कुरकुर पक्की.

गार होऊ द्या

ताजा पाय लगेच कापला तर रस ताटभर पळतो. कॉर्नफ्लॉवरचा रस गरम असताना पातळच असतो. गार होताना पिष्टातून बाहेर आलेले लांब रेणू एकमेकांत गुंततात आणि रस धरतो. याला दोन-तीन तास लागतात, उन्हाळ्यात थोडे जास्त. घरात दालचिनीचा वास सुटलेला असताना हा वेळ काढणं अवघड आहे, विशेषतः मुलं असतील तर, पण पायची अर्धी प्रतिष्ठा या तीन तासांत ठरते. कोमट खायचा असेल तर पूर्ण गार करून, कापून, मग फोड गरम करावी.

गरम करताना मायक्रोवेव्ह टाळावा. तो मुख्यतः पाण्याला तापवतो. सारणातली वाफ वर येऊन चुऱ्यात शिरते आणि चुरा मिनिटभरात ओला भुसा होतो. ओटीजीत किंवा तव्यावर झाकण न ठेवता दहा मिनिटं ठेवली तर उलट चुऱ्यातलं पाणी उडतं. साठवायचंही हंगाम पाहून. ऑक्टोबर ते मे जयपूरची हवा इतकी कोरडी असते की पायवर नुसतं जाळीचं झाकण ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी चुरा कुरकुरतो. उन्हाळ्यात मात्र सारण टिकावं म्हणून रात्री फ्रीजमध्येच ठेवावा लागतो. पावसाळ्यात, आणि मुंबई-कोकणात तर बाराही महिने, चुऱ्यातली साखर हवेतला ओलावा ओढते. तिथे थोडा चुरा वेगळा भाजून हवाबंद डब्यात ठेवावा आणि वाढताना फोडीवर पेरावा.